वाटीभर कोशिंबिरीचा हिशेब

मे २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं भारतीयांसाठी आहाराची नवी सूत्रं जाहीर केली. दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यात ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ३५ ग्रॅम दाणे-तीळ-सुकामेवा आणि सगळं मिळून २७ ग्रॅम तेल-तूप असं ताट मांडलंय. भाज्या आणि फळांनी ताटाचा जवळजवळ अर्धा भाग व्यापावा, असा त्याचा अर्थ. आपल्या घरांत चित्र नेमकं उलटं असतं. मधोमध भात नाहीतर चपात्यांची चळत, उजवीकडे भाजी आणि डावीकडे मिठा-लिंबाच्या शेजारी चमचाभर कोशिंबीर. ती चमचाभर असते, कारण ती तोंडी लावायची असते.

घरच्या घरी साधं सॅलड आणि पौष्टिक खाऊ कसा करावा, या प्रश्नावर आजवर जे सांगितलं गेलंय त्यात पाककृतींचा भरणा आहे, आणि पाककृतींचा तुटवडा मराठीत कधी नव्हताच. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० साली आलं, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली. आज तर मोबाइलवर बोट फिरवलं की शंभर प्रकार समोर येतात. तरी ताट बदलत नाही. अडतं ते तीन ठिकाणी: भाजी कुठून येते, ती किती वाढली जाते आणि ती चिरतं कोण. वसई तालुक्यातलं भुईगाव समोर ठेवून हे तपासता येतं. पश्चिमेला समुद्र आणि सुरूची झाडं, आत विहिरींवर पोसलेल्या वाड्या, आणि पूर्वेला वसई-नालासोपाऱ्याच्या इमारतींची रांग. इथे ताजी भाजी हाकेच्या अंतरावर आहे आणि फरसाणाचं पाकीटही. निवड अगदी उघड्यावर होते.

वाडीतलं आणि रानातलं

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या शेतीला वाडी म्हणतात. सामवेदी ख्रिस्ती, सामवेदी ब्राह्मण, वाडवळ, भंडारी अशा समाजांनी ती पिढ्यान् पिढ्या कसली. केळी, नारळ, पानवेली. त्यांच्या आधाराने आणि मोकळ्या जागेत वांगी, काकडी, दुधी, शिराळी, पडवळ, मुळा, माठ, चवळी, अळू आणि कंद. पाण्याची व्यवस्था विहिरी आणि बावखलांवर. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरी उन्हाळ्यात तग धरतात. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली आणि पुढे हा भाजीपाला टोपल्यांतून थेट मुंबईत पोहोचू लागला. दादरच्या बाजारात वसईची भाजी म्हटलं की गिऱ्हाईक थांबायचं ते या वाड्यांमुळे.

सॅलडच्या दृष्टीने ही भाजी बारमाही आहे, पण दर मोसमाला तिचा चेहरा बदलतो. पावसाळ्यात काकडी, पडवळ आणि चिबूड. थंडीत मुळा, पातीचा कांदा, कोवळी मेथी, वालाच्या शेंगा. उन्हाळ्यात पांढरा कांदा, कैरी, ताडगोळे, पपई. याखेरीज पहिल्या पावसानंतर पूर्वेकडच्या डोंगराळ भागातल्या आदिवासी बाया टाकळा, शेवळं, कर्टोली घेऊन बाजारात येतात. यातलं बरंच काही कच्चं खाण्याजोगं नाही. शेवळं खाजरी, काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवल्याशिवाय घशाखाली उतरत नाहीत. अळूचंही तेच, चिंच किंवा आमसूल हवंच. तेव्हा हिरवं दिसलं की चिरून वाडग्यात, हा आजचा उत्साह इथल्या जुन्या बायकांनी कधी दाखवला नसता.

कच्चं खाता येण्याजोगी आणि फारशी कुणी न करणारी एक गोष्ट मात्र वाडीत फुकट मिळते. केळीचा घड उतरवला की ते झाड पुन्हा फळ देत नाही, ते तोडावंच लागतं. खोडाची एकेक पाती सोलत गेलं की आत हस्तिदंती रंगाचा मनगटाएवढा गाभा निघतो. त्याच्या पातळ चकत्या करायच्या. प्रत्येक चकतीमागे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू येतात, ते बोटाभोवती गुंडाळत काढायचे. चकत्या बारीक चिरून लगेच पातळ ताकात टाकायच्या, नाहीतर काळ्या पडतात. मग निथळून दही, मीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि वरून जिरं-हिंगाची फोडणी. चवीला सौम्य, दाताखाली कुरकुरीत आणि चोथ्याने भरलेली. जे एरवी खताच्या खड्ड्यात जातं त्याची चार माणसांची कोशिंबीर होते.

विळीखालचं शास्त्र

मराठी स्वयंपाकात कच्च्या भाजीचे प्रकार मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरत नाहीत. दह्यातली कोशिंबीर, दाण्याच्या कुटातली कोशिंबीर, किसलेल्या मुळ्याचा चटका, पचडी, खानदेशाकडचा कच्च्या मेथीचा घोळाणा, चैत्रातली कैरीची वाटली डाळ. या सगळ्यांत एक समान बांधणी आहे: पाणीदार भाजी, काहीतरी आंबट, थोडं स्निग्ध, चिमूटभर गोड आणि फोडणी. ही बांधणी चवीसाठी घडली, पण आज पोषणशास्त्र जे सांगतं त्याच्याशी ती चांगली जुळते.

खमंग काकडीचंच घ्या. काकडी सोलून हातात उभी धरायची, सुरीने तिच्यावर भराभर उभे-आडवे घाव घालायचे आणि मग वरचा थर पातळ कापत जायचा. याला चोचवणं म्हणतात. किसलेल्या काकडीचा लगदा होतो; चोचवलेलीचे तुकडे बारीक असूनही टणक राहतात. काकडीत पंचाण्णव टक्के पाणी. मीठ लागलं की ते पाणी पेशींतून बाहेर ओढलं जातं, म्हणून मीठ घालायचं ते पानं वाढताना. आधी मीठ लावून पिळून काढायची पद्धतही आहे, पण मग ते पाणी ओतून न देता कणकेत किंवा ताकात घालावं. ओल्या नारळाच्या किंवा दाण्याच्या कुटाने स्निग्धपणा येतो. गाजर, पालेभाजी, पिकली पपई यांतलं कॅरोटिन अंगी लागायला थोडी चरबी लागतेच. बिनतेलाचं सॅलड म्हणजे जास्त आरोग्यदायी, हा समज म्हणूनच अर्धवट आहे. अर्थात थोडी म्हणजे थोडी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात. मूठ-मूठ कूट घातलं तर काकडी नावालाच उरते.

लिंबाचा मुद्दा याहून मोठा आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आपल्या जेवणातलं लोह मुख्यतः वनस्पतींतलं, आणि ते शरीर सहजी घेत नाही. सोबत क जीवनसत्त्व असेल तर ते अधिक शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. मटकीच्या उसळीवर पिळलेलं लिंबू आणि तिच्यासोबतचा कच्चा कांदा-कोथिंबीर यांना इथे खरं काम आहे. जेवण झाल्या झाल्या घेतलेला कपभर चहा मात्र ते बरंचसं वाया घालवतो. हा बदल फुकटचा आहे, फक्त चहा तासभर पुढे ढकलायचा.

डाव्या बाजूला सगळंच गुणी नाही, हेही सांगायला हवं. लोणचं आणि पापड तिथेच बसतात, आणि दिवसाला पाच ग्रॅम मिठाची मर्यादा गाठायला या दोघांची भरघोस मदत होते. कोशिंबीर वाढवायची तर त्यांची जागा थोडी घ्यावी लागेल.

धुणं, मोड आणि पावसाळा

घरच्या सॅलडविषयी लिहिणारे सर्वांत घाईने ओलांडतात तो भाग स्वच्छतेचा. कच्ची भाजी म्हणजे तिला दिलेलं पाणीही कच्चंच पोटात जातं. मुंबईच्या लोकलने फिरणाऱ्यांनी रुळांकडेला नाल्याच्या पाण्यावर तरारलेला पालक आणि माठ पाहिलेला आहे. विहिरीच्या पाण्यावरच्या वाडीतली भाजी आणि ती भाजी पाटीत गेल्यावर सारख्याच हिरव्या दिसतात. म्हणून विकणारीला, ‘मावशी, कुठली भाजी?’ असं विचारणं ही चौकशी नुसती गप्पांसाठी नसते. वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं, सोलता येईल ते सोलणं आणि पावसाळ्यात पालेभाजी कच्ची न खाणं हे तीन नियम पाळले तर बराच धोका टळतो. पावसात चिखल पानाच्या बेचक्यात बसतो, तो नुसत्या धुण्याने निघत नाही.

मोडाच्या कडधान्यांबद्दल तर आपण गाफीलच असतो. ‘कच्चे मोड म्हणजे अमृत’ असं सांगितलं जातं. २०११ साली जर्मनीत ई. कोलाय जिवाणूंची मोठी साथ आली. सुमारे चार हजार माणसं आजारी पडली आणि पन्नासहून अधिक दगावली. माग काढत तपास पोहोचला तो मोड आणलेल्या मेथीदाण्यांपर्यंत. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जिवाणूंनाही मानवते. वसईच्या दमट हवेत मूग पंचात बांधले की रात्रीत मोड फुटतात, आणि बाकीचंही त्याच वेगाने वाढतं. आपल्या आजीची रीत उसळीची होती, शिजवून खायची. तेव्हा मोड आणावेत, त्यांना चार-पाच मिनिटं चांगली वाफ द्यावी आणि मग कांदा-टोमॅटो-लिंबात कालवावेत. क जीवनसत्त्व थोडं जातं, पण मोड आल्याने फायटेट कमी झालेलं असतं आणि लोह मोकळं होतं, तो फायदा वाफेने जात नाही.

आणखी एक गोष्ट दुधीची. वजन उतरवायला सकाळी दुधीचा कच्चा रस पिणारे गावोगाव आहेत. कडू दुधीचा रस पिऊन देशात माणसं दगावली आहेत आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्याविषयी इशाराही दिला आहे. दुधी किंवा काकडी चिरताना टोकाचा तुकडा चाखून पाहायची जुनी सवय यासाठीच मोलाची. कडू निघाली तर साखर-मीठ घालून सुधारत बसू नये, टाकून द्यावी.

चार वाजताची भूक

सॅलडपेक्षा अवघड प्रश्न मधल्या वेळच्या खाण्याचा. जेवण घरात ठरतं; खाऊ दुकानात ठरतो. बटाट्याच्या वेफर्सच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेपाचशे कॅलरी, त्यातला तिसरा हिस्सा तेल. भाजक्या चण्यांच्या शंभर ग्रॅममध्ये पावणेचारशेच्या आसपास, आणि वीस ग्रॅमच्या घरात प्रथिनं. ‘बेक्ड’, ‘डाएट’, ‘मल्टीग्रेन’ असे शब्द पाकिटावर मोठ्या अक्षरांत येतात. ते मागच्या बाजूच्या घटकांच्या यादीशी ताडून पाहावेत. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते; मैदा, पामतेल किंवा साखर पहिल्या तिनांत असेल तर पुढच्या बाजूला काय छापलंय याला फारसा अर्थ उरत नाही.

या पट्ट्याचा स्वतःचा खाऊ मात्र अभ्यासण्याजोगा आहे. त्यात अग्रमान सुकेळीचा. पूर्ण पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, रोज परतायची, रात्री झाकून ठेवायची. आठवडाभरात ती आक्रसून मधाच्या रंगाची होतात. मग केळीच्या वाळक्या पानात घट्ट बांधायची. साखर नाही, तेल नाही, महिनोन् महिने टिकणारा गोड पदार्थ. पण केळ्यातलं तीन चतुर्थांश पाणी गेल्यावर उरते ती एकवटलेली साखर. भारतातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेल्याचं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. अशा देशात ‘नैसर्गिक आहे, कितीही खा’ असं म्हणता येत नाही. धावत्या मुलाला एक सुकेळी पूर्ण खाऊ. मधुमेह्याला अर्धं, तेही दाण्यांबरोबर.

कंदांचा दुसरा क्रमांक. कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा, वांगी असं सगळं मसाला लावून मडक्यात बेताच्या पाण्यावर वाफवलं की उकडहंडी होते. तो जेवणाचा पदार्थ. पण नुसतं उकडलेलं रताळं किंवा शेंगा मिठाबरोबर, हा चार वाजताचा खाऊ कुठल्याही बिस्किटापेक्षा पोटाला धरून राहतो. आगाशीचं भुजिंग याच वळणाचं. निखाऱ्यावर भाजलेली मसालेदार कोंबडी पोह्यांत आणि बटाट्यात कालवलेली, म्हणजे प्रथिनं आणि पिष्ट एकाच द्रोणात. सोबत कच्चा कांदा-काकडीची वाटी घेतली तर ते पुरं जेवण ठरतं.

पंधरा मिनिटांत आणि जवळजवळ बिनविस्तवाचा हवा असेल तर दडपे पोह्यांना तोड नाही. पातळ पोहे, खवलेला ओला नारळ, बारीक चिरलेला कांदा, काकडी, कोथिंबीर, मीठ, चवीपुरती साखर आणि लिंबू. वर नारळपाण्याचा हबका मारून सगळं एकत्र करायचं आणि झाकण ठेवून दडपायचं. पोहे भाजीतला ओलावा पिऊन मऊ होतात. शेवटी मोहरी-मिरचीची फोडणी. यात नेहमी होणारी कंजुषी भाजीची असते. पोह्यांइतकीच काकडी आणि कांदा घेतला तर हे सॅलडच झालं, आणि मुलं ते सॅलड म्हणून न ओळखता संपवतात.

जुनं ते सगळं पथ्याचं, असा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. फुगे, वडे, करंज्या तळणीतूनच यायच्या. फरक इतकाच की त्या सणाला आणि लग्नाला यायच्या. श्रावण आणि ख्रिस्ती घरांतला उपवासकाळ यांनी वर्षात मोकळ्या जागा ठेवलेल्या होत्या. पाकिटाला सणवार नाही.

परदेशी पानं

लेट्यूस, ब्रोकोली, झुकिनी, अव्होकाडो, क्विनोआ यांच्याविना सॅलड होत नाही, अशी समजूत शहरांत पसरली आहे. त्यावर नाक मुरडण्याचा हक्क वसईला तरी नाही. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं इथे पोर्तुगीज होते. मिरची, टोमॅटो, बटाटा, रताळं, पेरू, पपई, अननस, काजू आणि शेंगदाणा ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. समुद्रमार्गे, बरीचशी पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. कोशिंबिरीतली मिरची आणि दाण्याचं कूट दोन्ही उपरे, आज त्यांच्याविना पान हलत नाही. तेव्हा आक्षेप परकेपणाला नसावा, अंतराला आणि किमतीला असावा. लेट्यूस शीतपेटीतून प्रवास करून येतं आणि दोन दिवसांत मान टाकतं. कोवळा मुळ्याचा पाला जुडीबरोबर येतो आणि बहुतेक घरांत कचऱ्यात जातो. क्विनोआ आणि राजगिरा तर एकाच वनस्पतिकुळातले. राजगिऱ्याच्या लाह्या किराणा दुकानात असताना क्विनोआला दर मोजायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. पोषणाच्या नावाखाली ठरवू नये.

चिरायचं कोणी?

आता मूळ अडचण. चार माणसांना प्रत्येकी वाटीभर कोशिंबीर म्हणजे रोज अर्धा-पाऊण किलो भाजी धुवा, सोला, चिरा, नारळ खवा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात रोजची सरासरी २९९ मिनिटं भरली आणि पुरुषाची ९७. शिवाय घरकामात मुळात हात घालणारे पुरुष चारांत जेमतेम एक. पहाटे डबे भरून विरार लोकल पकडणाऱ्या बाईला ‘घरी ताजं सॅलड करा’ असा सल्ला देणं सोपं आहे. आरोग्याच्या सदरांतून तो दर आठवड्याला दिला जातो, आणि कोशिंबीर चमचाभरच राहते, कारण तेवढीच चिरायला वेळ असतो.

काही कामं आधी उरकता येतात. कूट आठवड्याचं करून ठेवावं, दाणे कुबट लागले तर टाकून द्यावेत. वाफवलेले मूग-मटकी फ्रिजमध्ये दोन दिवस नीट राहतात. कोथिंबीर निवडून कोरडी करून डब्यात. गाजर-बीट किसून दिवसभर राहतं. काकडी-टोमॅटो ऐनवेळीच चिरावं. पण हे उपाय वेळ थोडा वाचवतात, वाटत नाहीत. फोडणी सोडली तर कोशिंबीर हे स्वयंपाकातलं असं काम आहे की त्याला ना चूल लागते ना अनुभव. जो संध्याकाळी आधी घरी येईल त्याने सुरी हातात घ्यावी, मग तो बाप असो की दहावीतला मुलगा.

वाडीचा हिशेबही याला जोडून येतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस टँकरने विहिरी उपसल्या जाऊ लागल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं. समुद्राला लागून असलेल्या भुईगावसारख्या गावांत गोडं पाणी जास्त उपसलं की खारं पाणी आत सरकतं, विहीर मचूळ होते आणि पहिल्यांदा मरतो तो भाजीपाला. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, इमारती वाढल्या, बावखलं बुजत गेली. उरलेल्या वाड्या टिकायच्या तर त्यांच्या काकडी-मुळ्याला रोजचं गिऱ्हाईक हवं. शनिवार-रविवारी समुद्रावर फिरायला येणाऱ्यांच्या कौतुकावर वाडी चालत नाही.

या सगळ्या आढाव्यातून एकच बदल निवडायचा झाला तर तो असा: कोशिंबीर डावीकडून काढून वाटीत घ्यावी आणि जेवणाला तिने सुरुवात करावी. भाजी आधी आणि भात मागून खाल्ला तर जेवणानंतर रक्तातली साखर कमी चढते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. शिवाय पोटात आधी वाटीभर काकडी गेली की भाताचा दुसरा वाढा आपोआप लहान होतो. त्यासाठी नवी पाककृती लागत नाही. रोज अर्धा किलो जास्तीची भाजी आणि ती चिरायला घरातले आणखी दोन हात, एवढंच लागतं. यातली भाजी भुईगावची वाडी आज तरी पुरवू शकते. हात ज्याचे त्याने घरातच शोधायचे आहेत.